हिवाळ्याची बेगमी : ब्रिटनमधील १९४७ सालचा एक धडा

'बेगमी' हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की घरातल्या बायका पापड, कुरडया, सांडगे यांच्या उद्योगाला लागतात. मिरची-हळद कुटून ठेवायची, चिंच फोडून मीठ लावायची, डाळींना ऊन दाखवून डबे भरायचे, गोवऱ्या रचून वरून शाकारायच्या, लाकूडफाटा पडवीत आणून टाकायचा. ही सारी लगबग कशासाठी? तर पुढे चार महिने पाऊस कोसळत असताना घरातली चूल पेटती राहावी म्हणून. मृग बरसल्यावर सरपण गोळा करायला निघालेल्या माणसाला आपण शहाणा म्हणत नाही.

आपल्याकडे ही तयारी पावसाळ्यासाठी होते. थंड देशांत ती हिवाळ्यासाठी होते. अशाच एका देशाच्या एका हिवाळ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. देश ब्रिटन आणि साल १९४७. ज्या साली आपण स्वतंत्र झालो, त्याच सालच्या आरंभी आपल्यावर राज्य करणाऱ्या त्या देशात घरोघर दिवे विझले होते, चुली थंड पडल्या होत्या, आणि बायका कोळशाच्या तुकड्यांसाठी बर्फात रांगा लावून उभ्या होत्या. जगातले एक बलाढ्य राष्ट्र, युद्ध जिंकून अजून दोन वर्षेही झालेली नाहीत, आणि त्याच्यावर अशी पाळी का यावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना घरातल्या बरण्यांपासून राज्यकारभारापर्यंत पुष्कळ काही पाहावे लागते. शिवाय वाटेत आणखी एक प्रश्न आडवा येतो : बेगमी कुठे संपते आणि साठेबाजी कुठे सुरू होते?

प्रथम तिकडचा हिवाळा म्हणजे काय ते पाहू. लंडनमध्ये डिसेंबर अखेरीस दिवस आठ तासांचाही नसतो. सकाळी आठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. शेतात काही वाढत नाही. गुरांना चरायला गवत राहत नाही. म्हणून जे काही लागेल ते शरद ऋतू संपण्यापूर्वी घरात यावे लागते. तिकडच्या खेड्यातली जुनी गृहिणी या कामात आपल्या आजीबाईंच्या तोडीची होती. उन्हाळ्यात फळे आली, की त्यांचे साखरेत मुरवलेले जॅम करून बरण्या भरायच्या. घेवड्याच्या शेंगा चिरून मातीच्या बरणीत एक थर शेंगांचा, एक थर मिठाचा, असे रचून ठेवायच्या. वसंतात कोंबड्या भरपूर अंडी घालतात, ती सोडियम सिलिकेटच्या पाण्यात बुडवून ठेवायची. त्या पाण्याने कवचावरची बारीक छिद्रे बुजतात, आत हवा शिरत नाही, आणि अंडे काही महिने टिकते. घरी पाळलेले डुक्कर थंडी पडल्यावर मारून त्याचे मांस खारवून टांगायचे. बटाट्याचा ढीग शेताच्या कडेला करून त्यावर गवताचा जाड थर आणि त्यावर मातीचा लेप द्यायचा. आपल्याकडे धान्याला पेव आणि कांद्याला चाळ, तसा हा प्रकार.

हे झाले खेड्याचे. परंतु ब्रिटनची बहुसंख्य वस्ती शहरांत होती, आणि शहराचा सारा संसार एकाच वस्तूवर उभा होता. ती वस्तू म्हणजे दगडी कोळसा. घरातल्या खोलीत शेकोटीसाठी कोळसा. स्वयंपाकाचा गॅस नळाने यायचा, तोही कोळशापासूनच काढलेला. वीज कोळशावर. आगगाडी कोळशावर. कारखाने कोळशावर. आणि तो कोळसा खाणीतून वीजकेंद्रापर्यंत नेणारी गाडीही कोळशावरच! आपल्याकडे एखाद्या घरात पाणी, दूध, दाणे आणि पैसा हे सारे एकाच म्हशीवर अवलंबून असावे, तशातला हा प्रकार. म्हैस आटली की सारे आटले.

आणि म्हैस आटत चालली होती. युद्ध सुरू झाले त्या १९३९ साली ब्रिटनच्या खाणींतून सुमारे २३ कोटी टन कोळसा निघाला होता. १९४६ साली तो सुमारे १९ कोटी टनांवर आला. तरुण माणसे सैन्यात गेलेली, खाणीत राहिलेले कामगार वयाने आणि श्रमाने थकलेले, यंत्रे जुनाट. तिकडे कारखाने मात्र युद्धोत्तर निर्यातीसाठी जोराने चालू झालेले, आणि घरोघर विजेच्या शेगड्या विकत घेतल्या जात होत्या. १ जानेवारी १९४७ रोजी सगळ्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाणींच्या दारांवर तशा पाट्या लागल्या, कामगारांनी आनंद केला. पण पाटी बदलल्याने कोठार भरत नसते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कोळशाची बेगमीही उन्हाळ्यातच करावयाची असते. उन्हाळ्यात घरे तापवावी लागत नाहीत, दिवस मोठा असतो, दिवे कमी लागतात. म्हणून त्या महिन्यांत खाणीतून येणारा जादा कोळसा वीजकेंद्रांच्या अंगणात साठवायचा आणि हिवाळ्यात वापरायचा. १९४६ च्या उन्हाळ्यात हा साठा पुरेसा झाला नाही. पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांचे एक सल्लागार डग्लस जे यांनी त्या वर्षी आधीच लेखी सावध केले होते, की हिवाळ्यात कोळसा कमी पडणार. इंधनमंत्री इमॅन्युअल शिनवेल यांचा मात्र भरवसा होता, की निभावून जाईल. हिवाळा सौम्य गेला असता तर कदाचित निभावलेही असते. पण दैवावर हवाला ठेवून केलेल्या हिशेबाला हिशेब म्हणत नाहीत.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर हवा फिरली. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत, म्हणजे सलग ५५ दिवस, ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. लंडनजवळच्या क्यू येथील वेधशाळेत २ पासून २२ फेब्रुवारीपर्यंत सूर्यप्रकाशाची नोंदच झाली नाही. २५ फेब्रुवारीला वोबर्न या गावी पारा शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरला. वाऱ्याने बर्फाचे ढीग लोटले, ते काही ठिकाणी घराच्या छपराएवढे झाले. रस्ते आणि लोहमार्ग बुजले. खाणीच्या तोंडाशी कोळसा होता, पण तो गोठून दगडासारखा एकजीव झालेला. डब्यांत भरलेला कोळसा वाटेत अडकलेला. समुद्रातून लंडनला कोळसा आणणारी जहाजे वादळाने बंदरातच खोळंबलेली. बर्फ उपसायला सैनिक लावले, त्यांत पोलिश सैनिक होते आणि अजून मायदेशी न गेलेले जर्मन युद्धकैदीही होते.

अखेर ७ फेब्रुवारीला, शुक्रवारी, शिनवेल यांनी पार्लमेंटात उभे राहून सांगितले, की येत्या सोमवारपासून लंडन व आग्नेय भाग, मिडलँड्स आणि वायव्य इंग्लंड येथील कारखान्यांची वीज बंद होईल, आणि घरांतूनही सकाळी ९ ते १२ व दुपारी २ ते ४ वीज वापरता येणार नाही. सभासद थक्कच झाले. कालपर्यंत सारे ठीक आहे असे ऐकलेल्या देशाला, मध्ये फक्त शनिवार-रविवार देऊन, ही बातमी मिळाली. बघता बघता वीस लाखांहून अधिक कामगार घरी बसले. नियतकालिकांची छपाई पंधरवडाभर थांबली. दूरचित्रवाणी बंद झाली आणि नभोवाणीचा एक कार्यक्रमविभागही काही दिवस गप्प झाला. कचेऱ्यांतून कारकून मेणबत्तीच्या उजेडात, अंगात कोट आणि हातात मोजे घालून लिहू लागले. विरोधकांनी तर घोषणाच काढली, की शिनवेलबरोबर कुडकुडा आणि स्ट्रेचीबरोबर उपाशी राहा. स्ट्रेची हे त्या वेळचे अन्नमंत्री.

आता घराकडे वळू. कारण इतिहासाच्या पुस्तकात मंत्र्यांची भाषणे येतात; पण त्या दोन महिन्यांचे खरे ओझे वाहिले ते स्वयंपाकघराने.

घरातली वीज बंद ठेवण्याचा जो हुकूम निघाला, तो बहुतांशी प्रत्येक घराने आपल्या हाताने पाळावयाचा होता. इस्पितळाला वीज जाते त्याच तारेवर शेजारचे घर असते. तार तोडून कसे चालेल? तेव्हा घरच्या बाईनेच घड्याळाकडे पाहून नऊ वाजता बटण बंद करायचे. मोडले तर शिक्षा होती हे खरे. पण लाखो घरांत शिपाई कुठून पाठवणार? म्हणजे त्या हुकुमाचा आधार दंड नव्हता. शेजारच्या घरातही दिवा विझलेला आहे, हा विश्वास हाच त्याचा आधार होता.

मग घरोघर दिवसाची वेळापत्रके बदलली. पाणी नऊच्या आत तापवून घ्यायचे. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचे आणि तेवढीच खोली गरम ठेवायची. दारांच्या फटींत कापडाच्या सुरळ्या दाबायच्या. नळ गोठून फुटू नयेत म्हणून नळांना चिंध्या गुंडाळायच्या. कोळशाची भुकटी चिकणमातीत मळून तिचे गोळे करायचे. आपल्या गोवऱ्यांचीच ती बहीण. गॅसच्या कारखान्यात कोळशातला वायू काढून घेतल्यावर जो सच्छिद्र कोळसा उरतो, त्याला कोक म्हणतात. तो मिळावा म्हणून बायका आणि पोरे लहान बाळाची ढकलगाडी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी रांगेत उभी राहत. बाळ घरी आणि गाडीत कोक, अशी छायाचित्रे त्या काळची आहेत.

या साऱ्यांत एक युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. तिला गवताची पेटी म्हणत. युद्धकाळात तिचा बराच प्रसार झाला होता. लाकडाची एक पेटी घ्यायची. तिच्यात तळाला आणि चारी बाजूंना वीतभर जाडीचे कोरडे गवत घट्ट दाबून बसवायचे. मधे पातेल्याएवढी जागा ठेवायची. मग भाजी किंवा डाळ विस्तवावर चांगली उकळू द्यायची, दहा-पंधरा मिनिटे रटरटली की झाकणासकट पातेले उचलून त्या जागेत ठेवायचे, वर गवताची उशी आणि तिच्यावर पेटीचे झाकण. बस्स. पुढचे काम विस्तव नाही करीत, आत कोंडलेली उष्णता करते. चार-पाच तासांनी अन्न शिजलेले मिळते. जेवणापूर्वी पुन्हा एक उकळी काढावी, म्हणजे नासण्याची भीती राहत नाही. जितका वेळ चूल जळायची त्याच्या थोड्या अंशात काम भागते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन सारख्या तांब्यांत सारखे गरम पाणी घ्यावे, एक उघड्यावर ठेवावा, एक कडब्यात गुंडाळून ठेवावा, आणि तासाभराने मुलांना दोन्ही पाण्यांत बोट बुडवायला सांगावे. उष्णतेचा धडा आणि इतिहासाचा धडा एकाच तासात होईल.

पण श्रोतेहो, युक्त्या सांगून भागत नाही. युक्तीने शिजवायला घरात काही तरी असावे लागते. ते होते का? इथे ब्रिटनची दुसरी बाजू दिसते, आणि ती कौतुक करण्यासारखी आहे.

जानेवारी १९४० पासून त्या देशात अन्नाचे नियंत्रण होते. श्रीमंत असो की गरीब, माणशी एक शिधापुस्तिका. युद्धकाळातले सर्वसाधारण प्रमाण असे, की आठवड्याला लोणी सुमारे ५७ ग्रॅम, चहा तेवढाच, साखर सुमारे २२५ ग्रॅम, आणि अंडे एखादेच. फार थोडे, पण प्रत्येकाला नक्की. गरोदर बायका आणि तान्ही मुले यांना दूध आधी मिळे, मुलांना संत्र्याचा रस आणि माशाचे तेल मिळे. याचा परिणाम काय झाला पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३९ साली दर हजार जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ५१ वर्षाच्या आत दगावत. १९४५ साली हा आकडा ४६ वर आला. बाँब पडत होते, घरे पडत होती, आणि बालमृत्यू कमी झाले! कारण जे होते ते वाटून खाल्ले जात होते.

युद्ध संपल्यावर सुटका होईल अशी आशा होती. झाले उलटेच. युद्धात कधी न झालेले पावाचे नियंत्रण जुलै १९४६ मध्ये सुरू झाले आणि जुलै १९४८ पर्यंत टिकले. जगातच धान्य कमी होते. जर्मनीतील उपाशी लोक आणि आपल्या देशावरचे दुष्काळाचे सावट, हीही कारणे त्यामागे होती. गृहिणी चिडल्या, सभा भरल्या. त्या बिचाऱ्या तरी काय करणार? सात वर्षे रांगेत उभे राहून पाय दुखले होते. १९४७ च्या थंडीत तर ढीग झाकून ठेवलेले बटाटेही गोठले. गवत आणि माती भेदून थंडी आत शिरली आणि सुमारे ७० हजार टन बटाटे नासले. जमिनीतली कंदमुळे काढायला काही ठिकाणी रस्ता फोडायची यंत्रे लावावी लागली. पुढे त्याच वर्षी बटाट्यावरही नियंत्रण आले.

आता मघाचा प्रश्न घेऊ. बेगमी आणि साठेबाजी यांत फरक काय?

दोन्हींत माणूस घरात माल भरतो. पोते तेच, बरणी तीच. ब्रिटनच्या सरकारने या दोहोंमध्ये रेघ ओढली होती, ती विचार करण्याजोगी आहे. युद्धापूर्वी, दुकाने भरलेली असताना, घरात आठवड्याभराचे जास्तीचे सामान ठेवा असा सल्ला लोकांना देण्यात आला होता. युद्ध सुरू होऊन माल कमी झाल्यावर मात्र गरजेपेक्षा जास्त साठा करणे हा गुन्हा ठरला. म्हणजे प्रश्न नुसता किती याचा नाही, केव्हा याचाही आहे. बाजारात माल उतू जात असताना तुम्ही दोन पायली जास्त घेतल्या, तर कुणाच्या तोंडचा घास गेला नाही. उलट टंचाईच्या दिवशी तुम्ही रांगेत नसल्याने मागच्याला जागा झाली. पण टंचाई पडल्यावर तुम्ही त्याच दोन पायल्या जास्त घेतल्या, तर रांगेतला शेवटचा माणूस रिकामी पिशवी घेऊन परततो. सुगीत भरतो तो बेगमी करतो; टंचाईत भरतो तो साठेबाजी करतो. एवढे एक वाक्य मुलांनी वहीत लिहून घेतले, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

तिसरी गोष्ट आहे गावाची. ज्या डोंगराळ खेड्यांत अद्याप वीज पोचली नव्हती, त्यांना वीजबंदीचा त्रास नव्हता. त्यांचे रॉकेलचे दिवे जळत होते, घरात पीठ होते, टांगलेले मांस होते. बर्फाने रस्ते बुजल्यावर पहिले काही दिवस त्यांनी आपल्या बेगमीवर काढले. परंतु आठवडे लोटले तसे तेही संपत आले. घराच्या बेगमीला मर्यादा असते. स्टॅफर्डशायर परगण्यातील अशा अडकलेल्या गावांना अन्न पोचवायला १३ फेब्रुवारी १९४७ रोजी हवाई दलाचे एक हॅलिफॅक्स विमान निघाले. बर्फाच्या वादळात ते ग्रिंडनच्या माळावर कोसळले आणि आतली आठही माणसे मरण पावली. पावाच्या गोण्या पोचवायला निघालेली ही माणसे. म्हणून म्हणतो, की प्रत्येक गावाचा स्वतःचा असा थोडा साठा असावा, हे नुसते सोयीचे नाही. वेळेवर न केलेल्या तयारीची किंमत कधी कधी दुसराच कुणी तरी आपल्या प्राणांनी देतो.

याच थंडीत, २० फेब्रुवारी १९४७ रोजी, ॲटली यांनी पार्लमेंटात एक निवेदन केले. जून १९४८ च्या आत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हाती देण्याचा आपल्या सरकारचा निश्चय त्यांनी जाहीर केला, आणि वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन व्हाइसरॉय होतील असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने अमेरिकेला कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तान यांना चालू असलेली आपली मदत यापुढे झेपणार नाही. शिक्षक मित्रांनो, यावरून कोळसा संपला म्हणून आपण स्वतंत्र झालो, असा निष्कर्ष कुणी काढू नये. स्वातंत्र्य मिळाले ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढ्याने. पण १९४२ ची सनावळी शिकवताना, समोरच्या सत्ताधाऱ्याच्या घरची चूल १९४७ च्या फेब्रुवारीत कशी होती, तेही मुलांना सांगावे. ज्याचे कोठार रिते झाले, त्याला दूरच्या वाड्याचा पहारा परवडत नाही.

मिडलँड्समधील कारखान्यांना २४ फेब्रुवारीपासून आणि इतरत्र ३ मार्चपासून वीज पुन्हा मिळू लागली. मार्चच्या मध्यास बर्फ वितळले आणि महापूर आले. डोंगरी भागांत मेंढपाळांची तर वाताहत झाली; देशातील सुमारे चौथा हिस्सा मेंढ्या त्या हिवाळ्यात गेल्या असे मानले जाते. मेंढीच्या पोटी कोकरू असण्याचेच ते दिवस होते.

मग ब्रिटन यातून काय शिकले? काही शिकले आणि काही विसरले, जसे सगळेच करतात. १९७२ साली खाणकामगारांच्या संपात वीज कमी पडली, तेव्हा कोणत्या भागात कोणत्या वेळी वीज जाण्याचा संभव आहे, याचे तक्ते वर्तमानपत्रांतून छापले गेले. पुढच्याच वर्षी अखेरीस तेलाची टंचाई आणि खाणीतला झगडा एकत्र आले, आणि १ जानेवारी १९७४ पासून ७ मार्चपर्यंत कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळाली. तेव्हा एका मंत्र्याने लोकांना अंधारात दात घासण्याचा सल्ला दिला आणि देशभर हसू झाले. सल्ला काही अगदीच वाईट नव्हता. पण आपल्या घरचा दिवा मालवून मग दुसऱ्याला सांगावे, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजकेंद्रांवर आणि तारांवर मोठे हल्ले सुरू केले, ते नेमके हिवाळ्याच्या तोंडावर. तिथल्या लोकांनी घरात पाणी, सुके अन्न, दिवे यांची बेगमी केलीच. पण त्याखेरीज नोव्हेंबरपासून गावोगावच्या शाळा आणि सरकारी इमारतींत सामायिक खोल्या उघडल्या गेल्या. तिथे ऊब, गरम पाणी, दिवा आणि दूरध्वनीला लागणारी वीज कुणालाही मिळे. आणि स्वीडनच्या सरकारने २०१८ साली व पुन्हा २०२४ साली घरोघर एक पुस्तिका पाठवली. संकट आले तर काही दिवस आपले आपण कसे निभवावे, पाणी किती, अन्न कोणते, ऊब कशी राखावी, हे त्यात सांगितले आहे. स्वीडनमध्ये दिवे जळत असताना हे सांगितले गेले. १९४६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये नेमके हेच राहून गेले होते.

आपल्या खेड्यांनाही अंधाराची ओळख नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वीजकेंद्र बंद पडून मुंबईपर्यंत काळोख पसरला होता. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. त्या वेळी शेतकऱ्यांची तक्रार काय होती, आठवून पाहा. वीज किती तास नाही, यापेक्षा ती केव्हा जाणार आणि केव्हा येणार हे ठाऊक नाही, हा त्रास मोठा होता. वेळ कळली तर माणूस दळण उरकून घेतो, पाणी भरून ठेवतो, मुलाला अभ्यासाला आधी बसवतो. टंचाई माणूस सोसतो. टंचाईविषयीचे मौन त्याला सोसवत नाही.

तेव्हा वाचकहो, या हकीकतीतून तीन गोष्टी घ्याव्या असे मला वाटते. पहिली घराने करावयाची : जे भरायचे ते सुगीत भरावे, थोडे भरावे, जुने आधी वापरून नवे मागे ठेवावे. पिण्याचे पाणी, काडेपेटी, कंदील, वाती, सुके धान्य आणि नेहमीची औषधे यांची जागा अशी असावी, की अंधारात हात नेमका तिथेच जावा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही निजू नये. त्या धुराबरोबर एक विषारी वायू येतो, त्याला वास नसतो आणि तो झोपेतच माणसाला नेतो. दुसरी गावाने करावयाची : गावात एकटी म्हातारी कोण, बाळंतीण कोण, अंथरुणाला खिळलेला कोण, याची यादी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळीवर आधीच असावी, म्हणजे अडचणीच्या दिवशी पहिला कंदील आणि पहिली घागर कुणाच्या दारी न्यायची याची चर्चा करावी लागत नाही. तिसरी कारभाऱ्यांनी करावयाची : कोठारात किती आहे ते खरे सांगावे, आणि सोमवारच्या अंधाराची बातमी शुक्रवारी न देता सहा महिने आधी द्यावी.

यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात नाही असे कुणी म्हणेल. पूर्णपणे नसेल, पण विचारणे तर हातात आहे. पुढच्या ग्रामसभेत, ऐन वैशाखात, सगळ्या टाक्या आणि कोठारे भरलेली असताना, एकाने उठून एवढेच विचारावे : "हे किती दिवस पुरेल, आणि संपले तर आधी कुणाला मिळेल?" लोक क्षणभर चमकतील. चमकू द्या. हा प्रश्न विचारण्याचा योग्य महिना तोच आहे.